पदर धरलेली तीन बोटं

पहिल्याच भेटीत मी त्याच्या अंगावर झेंडूची अख्खी पाटी ओतली. फुलं वाया गेली याचं मला आजही वाईट वाटतं... त्याचं नाही.

झालं असं की, दोन हजार चारचा फेब्रुवारी होता आणि माझ्या भावाचं, ज्ञानेशचं, लग्न वीस दिवसांवर आलं होतं. मी फुलबाजारात माल उतरवला, उरलेली एक पाटी लुनाच्या मागे बांधली आणि मखमलाबादला घरी निघाले. नाक्यावर दोरी सुटली. एका हाताने लुना आणि दुसऱ्या हाताने पाटी धरून मी रस्त्याच्या कडेला उभी, आणि रिक्षावाले माझ्याच नावाने हॉर्न वाजवताहेत. तेवढ्यात मागून कोणीतरी पाटी उचलून धरली.

"सोडा तुम्ही. मी बांधतो."

उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला निळ्या शाईचा डाग. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. ते त्याने माझ्या हातात दिलं आणि दोरी आवळायला वाकला. गाठ मारता मारता वर बघून हसला. हसू बरं होतं, नाही म्हणणार नाही.

"रोज इकडूनच जाता का?"

"का? रोज गाठ मारायला उभे राहणार आहात?"

"तुमची सोय होत असेल तर..."

मीही हसले. त्या दिवसातलं ते माझं शेवटचं हसू.

"बरं, फुलवाले पुंजारामअण्णा कुठे राहतात, माहीत आहे?" त्याने विचारलं. "हा फोटो द्यायचाय त्यांना."

पुंजारामअण्णा म्हणजे माझे वडील. मी कागद बाजूला सारला. आत फ्रेम होती आणि फ्रेममध्ये माझी आई होती.

फक्त आई.

आता हे नीट सांगायला हवं. आई गेली तेव्हा मी अडीच वर्षांची होते. तिचा एकच फोटो आमच्याकडे होता. कालिकेच्या यात्रेत एका फिरत्या फोटोवाल्याने काढलेला, काळा-पांढरा. खुर्चीत आई आणि तिच्या मांडीवर मी, तिचा पदर मुठीत धरून. ज्ञानेश तेव्हा पाळण्याकडे पळाला होता म्हणून तो नाही. मला आईचा आवाज आठवत नाही. तिच्या हातचं काही खाल्लेलं आठवत नाही. मी कधीकाळी तिच्या मांडीवर बसले होते, याला जगात तेवढा एकच पुरावा होता. आणि या नव्या फोटोत आईच्या मागे जांभळा प्रकाश पसरला होता, लुगडं हिरवंगार झालं होतं, मांडीवर छान चुण्या पडल्या होत्या. मी नव्हते.

"यातली मुलगी कुठंय?"

"अं?"

"मांडीवर मुलगी होती. कुठं गेली?"

त्याचा चेहरा एकदम उतरला. "ती... ती पुसली."

राग आला की मी थेट अरे-तुरेवर येते. "ती मी होते! कोणी सांगितलं तुला मला पुसायला?"

तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलं, मिटलं. मग खाली बघत गावाकडच्या अहिराणीत पुटपुटला, "मनी चूक शे." माझी चूक आहे, एवढंच.

त्यानंतर पाटी त्याच्या डोक्यावर गेली.

घरी आले तर अण्णा ओट्यावर बसले होते आणि सुमनआत्या सुईत दोरा ओवत होती. मी फ्रेम दोघांच्या मध्ये आपटायचीच बाकी ठेवली होती.

"जुना फोटो कुठाय, अण्णा?"

"गंगेत सोडला काल. काच तडकली व्हती त्याची. तडकल्या काचंचा फोटू लग्नघरात ठेवत नाय."

गंगा म्हणजे आमची गोदावरी. जुने देव, फुटक्या फ्रेमा, सगळं आम्ही तिच्या गळ्यात घालतो.

"त्यात मी होते ना!"

"कंपूटरात ऱ्हातो म्हन्ला त्यो पोरगा. समदं ऱ्हातं म्हन्ला."

"आणि मला पुसायला कोणी सांगितलं?"

अण्णांनी आत्याकडे बघितलं. आत्याने सुईकडे. "पोराकडून चूक झाली आसंल," अण्णा म्हणाले आणि मळ्यातली मोटर बंद करायला उठून गेले. वीज तर सकाळपासून नव्हती. पण माझं डोकं इतकं तापलं होतं की हे माझ्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या स्टुडिओत गेले. नाक्यावरच होता, त्याच्या मामांचा. मामा बाहेर पासपोर्ट फोटो काढायचे आणि आत पडद्यामागे हा कुंदन कॉम्प्युटर घेऊन बसायचा. मूळचा देवळ्याचा, घरी कांदा, पण याला कांद्यात रस नाही. भिंतीवर त्याची करामत लावलेली होती. गुलाबाच्या फुलात बसवलेलं बाळ. शंखातून डोकावणारं जोडपं. एक धोतरवाले आजोबा चक्क विमानाच्या खिडकीत.

"माझा फोटो दे. जुना. कॉम्प्युटरातला."

त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "स्कॅन केला होता. पण काम करताना त्याच नावाने सेव्ह झाला. जुना गेला."

"गेला म्हणजे?"

"नव्याच्या खाली दबला. परत येत नाही."

मूळ फोटो नदीत आणि कॉम्प्युटरातला याच्या मूर्खपणात. मी तिथल्या लोखंडी स्टुलावर बसले आणि रडले. आणि याच्यासमोर रडतेय म्हणून आणखी चिडले. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो मी घेतला नाही. मग त्याने पडद्यावर आईचा फोटो उघडला आणि मोठा केला, आणखी मोठा, नुसते ठिपके दिसेपर्यंत.

"हे बघा. सगळी गेलेली नाही."

हिरव्या पदराच्या कडेला तीन बोटं होती. इवलीशी, काळी-पांढरी. बाकीची मूठ नाही, हात नाही, मी नाही. नुसती पदर धरलेली तीन बोटं.

"पुसायचं कामसुद्धा धड येत नाही तुला!" मी ओरडले. बाहेरून मामांनी डोकावून बघितलं.

"नाही येत," तो शांतपणे म्हणाला. "पण परत काढायचा प्रयत्न करतो. तुम्हाला फोटो पाठ असेल ना? सांगा, मी काढतो. लग्नाच्या आत देतो."

"मला तू काढलेला नकोय. होता तो हवाय."

"होता तोच काढू."

असं आमचं सुरू झालं. रोज दुपारी चारला मी त्या स्टुलावर आणि तो खुर्चीत. आत्याच्या नातवाला आणून त्याचे फोटो काढले, मांडी घालून, हात वर करून. त्यातला दंड घे, यातली पोटरी घे, असं करत करत त्या तीन बोटांना मनगट आलं, मनगटाला कोपर आलं. मी चुका काढायची. रोज. मोठ्या आवाजात.

"हे बाळ हसतंय. मी हसत नव्हते."

"माहितीय. आठी घालून बघत होतीस. कॅमेऱ्यावर चिडली होतीस तू."

तो नकळत 'तू'वर आला होता. मी ते ऐकलं, पण टोकलं नाही. मला दुसऱ्याच गोष्टीचं आश्चर्य वाटत होतं. "तुला कसं माहीत?"

"दोन दिवस तुला पुसत होतो. काढणारा एकदा बघून बटण दाबतो. पुसणाऱ्याला कण न् कण बघावा लागतो." मग हळूच म्हणाला, "डाव्या गालावर तीट होती. मोठी. जरा पसरलेली."

"उजव्या."

"डाव्या."

"माझा गाल आहे. मला माहीत. उजव्या!"

त्याने मुकाट उजव्या गालावर तीट काढली. आणि मला त्याचाच संताप आला, की हा भांडत का नाही! बावीस वर्षं जो फोटो मी एकटीच निरखत आले, तो इतका निरखून बघितलेला माझ्याशिवाय या जगात हाच एक माणूस होता. आणि त्यानेच तो घालवला होता. याच्यावर चिडावं की याच्याजवळ बसून राहावं, मला ठरवता येईना. मी दोन्ही करत होते.

एकदा ऐन कामात वीज गेली. बॅटरी पीं पीं ओरडायला लागली, त्याने घाईघाईने सगळं सेव्ह केलं — तीन वेगवेगळ्या नावांनी. पडदा काळा झाला. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत आली होती, तेवढाच उजेड.

"ते विमानातले आजोबा कोणाचे?" मी विचारलं.

"माझे. जन्मात विमानात बसले नाहीत. ओझरला विमानांच्या कारखान्याबाहेर उभं राहून वर बघायचे नुसते. ते गेल्यावर मी बसवले. आजी रोज फोटोला विचारते, कधी उतरणार म्हणून."

"म्हणजे खोटंच की."

"खोटंच. पण आजी हसते."

"मला नाही हसू येत खोट्याचं."

"तुला हसू येतं कशाचं, ते तरी सांग. लिहून घेतो." अंधारात त्याचा आवाज जवळून आला. "एकदा आलं होतं. नाक्यावर. मी मोजलंय."

नशीब, त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. तो मला आवडायला लागला होता, आणि या गोष्टीचा मला जितका राग आला तितका आयुष्यात कशाचाच आला नसेल. ज्याने मला आईच्या मांडीवरून उठवलं, तोच? दुसरं कोणी नाही मिळालं?

हळदीच्या दोन दिवस आधी फोटो पुरा झाला. चेहऱ्यासाठी त्याने माझाच, आत्ताचा, चिडलेला फोटो घेतला होता आणि लहान करून, गोल करून, बाळाला बसवला होता. "डोळे तेच राहतात माणसाचे," म्हणाला. पडद्यावर आई होती, काळी-पांढरी, साधी, जांभळा प्रकाश नाही. मांडीवर आठी घातलेली मी. मुठीत पदर.

मी कितीतरी वेळ बघत राहिले. अगदी तसाच होता. आणि तसाच होता म्हणूनच मला सहन होईना.

"हे तू बनवलंय," मी म्हणाले. "ते पाय आत्याच्या नातवाचे आहेत. तोंड आत्ताचं. ती मी नाही, कुंदन. मी गंगेत गेले. तूच घालवलंस मला."

"रूपाली..."

"मी परत येणार नाही."

त्याने प्रिंट पाकिटात घातली आणि माझ्यापुढे धरली. मी पाकीट घेतलं. घेतलं नसतं तर बरं दिसलं असतं, पण घेतलं. घरी जाऊन कपाटात साड्यांच्या खाली दडपून ठेवलं.

हळदीच्या सकाळी दारात मांडव होता. ज्ञानेश पाटावर पिवळा होऊन बसला होता, बायका गाणी म्हणत होत्या. आणि हा कुंदन कॅमेरा गळ्यात अडकवून हजर. लग्नाचे फोटो मामांकडेच दिले होते, त्यामुळे मला काही म्हणता येईना. आईची फ्रेम मांडवात खुर्चीवर ठेवली होती, तीच जांभळ्या प्रकाशातली. तिच्याकडे मी वीस दिवसांत एकदाही बघितलं नव्हतं. हार मात्र मी स्वतः केला होता. पांढऱ्या शेवंतीचा, भरगच्च.

अण्णांनी हार घातला आणि उजवी बाजू टाचणीने वर अडकवली. हार एकीकडे लोंबायला लागला. मला असलं वेडंवाकडं काम बघवत नाही.

"अण्णा, तिरका झालाय. थांबा, सरळ करते."

मी हात पुढे केला तर अण्णांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. तिथं तू हायेस."

"काय?"

अण्णांनी बोट दाखवलं. पदराच्या कडेला, हार जिथे आला असता बरोबर तिथे, ती तीन बोटं.

"जित्या मानसाच्या फोटूला हार घालत नाय, बाय," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. "पोराच्या लग्नात तुझ्या आयच्या, कमळीच्या फोटूला हार तं घालावाच लागनार. आन मांडीवर तू. कसा घालू? म्हून त्या पोराला म्हन्लं, लेकीला काढ त्यातून. तुला सांगायचं तं हे समदं तोंडानं बोलावं लागलं आसतं. माझी जीभ नाय रेटली. त्येलाबी म्हन्लं, बोलू नको तिला." त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "बोटं तेवढी ऱ्हायली त्याच्याकडून. मी बघितलं घरी आल्यावर. म्हन्लं ऱ्हाऊ दे, हार बाजूला घेईन."

आई गेल्यावर या माणसाने मला एकट्याने वाढवलं. माझ्या वेण्या घातल्या, वाकड्यातिकड्या, आज घातलेल्या हारासारख्याच. आणि आज माझ्या तीन बोटांना फुलं लागू नयेत म्हणून ते टाचणी लावत होते. त्यांच्यावर कसं रागावणार? मी त्यांच्या खांद्याला कपाळ टेकलं.

पण वीस दिवसांचा राग होता माझ्याकडे. तो कुठेतरी जायला हवा होता ना!

कुंदन बायकांचे फोटो काढायला स्टुलावर चढला होता. मी आत्यासमोरच्या वाटीतली हळद तशीच दोन्ही हातांना घेऊन त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"खाली उतर."

तो उतरला. मी त्याची बाही धरली आणि त्याला मांडवाच्या मागे, फुलांच्या पाट्या ठेवतो तिथे नेलं.

"अण्णांनी सांगितलं होतं तुला."

त्याने मान डोलावली.

"मग माझ्या शिव्या का खाल्ल्यास? वीस दिवस! पहिल्याच दिवशी सांगता येत नव्हतं?"

"त्यांना शब्द दिला होता, बोलणार नाही म्हणून."

"एवढंच?"

"जुना फोटो माझ्याकडूनच गेला होता. ती चूक माझीच होती."

"एवढंच?"

त्याने कॅमेऱ्याचा पट्टा चाचपला. सोडला. पुन्हा धरला. "सांगितलं असतं तर तू अण्णांवर चिडली असतीस. माझ्यावर कशाला चिडली असतीस? आणि चिडली नसतीस तर... चार वाजता आली कशाला असतीस?"

"म्हणजे माझा राग तू... तू वापरून घेतलास?"

"हो," तो म्हणाला. "तेवढाच मिळत होता."

मी विचारलं, "आणि बोटं? ती कशी राहिली?"

"राहिली नाहीत. ठेवली."

"का?"

"अण्णा म्हणाले होते सगळी पूस. सगळी पुसली. पण ती मूठ... तू पदर असा घट्ट धरला होतास, रूपाली. दोन तास बसलो त्या बोटांपाशी. तुला तेव्हा बघितलंही नव्हतं, फक्त फोटोत. म्हटलं, हिला कोणीतरी आधीच एकदा सोडून गेलंय. माझा हात नाही चालला." त्याच्या कपाळावर घाम आला होता. पुढचं तो एका दमात बोलला, त्याच्या घरच्या बोलीत, कारण घाबरला की त्याला दुसरी भाषा सुचतच नाही. "तू माले आवडस."

मांडवात बायकांचं गाणं थांबलं होतं. आत्या कोणाला तरी विचारत होती की हळदीची वाटी कोणी रिकामी केली. मला रडू येत होतं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. एक हात हळदीचा आणि दुसराही हळदीचा, आणि तो त्याच्या बाहीवर. इतका वेळ मी बाही सोडलीच नव्हती. पांढऱ्या शर्टावर माझी बोटं उमटली होती.

"शर्ट खराब झाला," मी म्हणाले.

"होऊ दे."

"हळद जात नाही धुऊन."

"कोण धुणार आहे?"

मी त्याच्याकडे रागाने बघितलं. चांगलं रोखून, आठी घालून. त्याने मोकळ्या हाताने कॅमेरा उचलला आणि बटण दाबलं.

"पुसून टाक तो!"

"पुसायची कामं बंद केली मी."

"कुंदन!"

"काय?"

मला सांगायचं होतं ते असं एकदम ओठावर येईना. आदल्याच दिवशी मी आत्याला विचारलं होतं, लहानपणी मला तीट कुठल्या गालाला लावायचे. आत्या म्हणाली होती, डाव्या. कायम डाव्या, तुझी आई डावखुरी होती, मांडीवर घेऊन लावताना तिला तोच गाल सोपा जायचा. बावीस वर्षं तो फोटो बघूनही मला ते ठाऊक नव्हतं, आणि याला दोन दिवसांत कळलं होतं.

"त्या फोटोतली तीट चुकलीय," मी म्हणाले. "परत करावी लागेल."

त्याच्या डोळ्यांत आधी काळजी आली. मग हळूहळू ते हसू, नाक्यावरचं. "तीटच ना? पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटांत केलंस तर बघ!" मी त्याची बाही आणखी घट्ट धरली. "सोमवारी चार वाजता येते. मंगळवारी पण. बुधवारी पण. वीज असली तरी आणि नसली तरी."